चार नंबरची खुर्ची

दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली तेव्हा
बाहेर उणे एकतीस होतं
आणि उलानबातरचा धूर
दाराच्या फटीतून गिऱ्हाइकासारखा आत येत होता.

एक नवं. खोक्यात, फोमच्या गादीत,
तीन पंखे, अंगावर अजून कुणाचं बोट नाही.
दुसरं न्यामदोर्जनं आणलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळून,
पंखे दोनच, त्यातल्या एका पात्याचा टवका उडालेला.
तीन हिवाळे ते कुणाच्या तरी गॅरेजमध्ये
रात्रंदिवस नाणी खणत होतं,
असं त्यानं स्वतःहून सांगितलं.
स्वतःहून सांगणाऱ्या विक्रेत्याची मला जास्त भीती वाटते.

मी त्याचे सोनेरी दात पाहिले,
बाबा घोडा घेताना ओठ वर करून पाहायचे तसे.
झिजले नव्हते.
पण घोड्याचे दात खोटं बोलत नाहीत,
कार्डाचे बोलतात.

"दोन्ही लावून बघ," न्यामदोर्ज म्हणाला,
"घोडामैदान जवळच आहे."

मैदान म्हणजे खेळातलं गवताळ रान.
सगळ्या सेटिंग्ज वर, सावल्या वर, हिमवादळ चालू.
आधी नवं: सत्त्याण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव.
पासष्ट अंशांच्या वर गेलंच नाही,
आणि आवाज म्हणाल तर
शेजारच्या खोलीत कुणी चहा गाळतंय एवढाच.
मग जुनं: एकोणसाठ, एकोणसाठ,
वळणावर एकदम चौतीस,
पुन्हा धापा टाकत एकोणसाठ,
ऐंशी अंश, आणि पंखा असा घरघरला
की मांजर उठून गेलं
आणि दोन मिनिटांनी परत येऊन
त्याच पेटीवर बसलं.

वही घेऊन बसले. फरक सोळा लाख तुगरुगांचा,
भागिले अडतीस फ्रेम.
एका फ्रेमला बेचाळीस हजार,
म्हणजे एका फ्रेमला आठवड्याचा कोळसा.

तोगतोख माझ्या मागे उभा होता.
पैसे नसले की तो उभाच असतो.
चौदा वर्षांचा. झावखानहून आलेत ते,
झुदच्या हिवाळ्यानं कळप उभाच्या उभा नेला, त्यानंतर.
म्हटलं, तू सांग रे, कुठला घोडा चांगला?

तो बराच वेळ बघत राहिला.
मी परत जुनं लावलं, परत नवं.

"दोन्ही चुकीचेच उभे आहेत."

म्हणजे?

"वादळ समोरून येतंय आणि हा तोंड देऊन उभा.
घोडा वाऱ्याला पाठ करतो.
शेपटी वाऱ्याकडे, डोकं खाली.
आमचे तसेच उभे होते."

न्यामदोर्ज खिशात काहीतरी शोधू लागला.
पडद्यावर नवं कार्ड ती चूक
सेकंदाला सत्त्याण्णव वेळा काढत होतं,
एकही केस न विसरता.

जुनं घेतलं.
कोळशाच्या हिशेबानं घेतलं, भलतं काही मनात आणू नका.
न्यामदोर्जनं नोटा थुंकी लावून दोनदा मोजल्या,
चहा नको म्हणाला, आणि दोन वाट्या प्यायला.

शनिवारी तोगतोखनं एका तासाचे पैसे आणले,
सगळी चिल्लर.
चार नंबरला बसला.
बाकी पाच खुर्च्यांवर पोरं एकमेकांना गोळ्या घालत होती,
आईबहिणींचा उद्धार चालला होता,
आणि यानं घोडा रानात नेला, वादळ लावलं,
मग एक कळ हळूहळू दाबत
त्याला वळवत नेला, आयाळ पुढच्या बाजूला उडेपर्यंत.
आणि हात मांडीवर ठेवले.

उभ्या घोड्याला कार्डाचे कष्ट कमी.
कोपऱ्यातला आकडा चढला, सत्तर, बहात्तर,
पंख्याची घरघर उतरली.
मी खरं तर ओरडणार होते,
की बाबा, पैसे मोजलेस, खेळ तरी.

पाठीवर बर्फ साचत नव्हता.
तेवढी सोय महागातल्या कार्डातही नाही,
मी नंतर दुकानात विचारून पाहिलं.