बाणाची जाडी

गोरीच्या सैनिकी अकादमीत
दर सप्टेंबरला कर्नलसाहेबांची यादी येते.
एकवीस पुस्तकं. वाचलीच पाहिजेत अशी.
मी त्यांचे गठ्ठे बांधते, रांगेतल्या पोरांना देते,
गणवेशाबरोबर बूट द्यावेत तसे :
चावले तरी घालायचे,
महिन्याभरात पाय त्यांच्यासारखा होतो.

सातवं पुस्तक नकाशांचं.
वाझा ते घेऊन माझ्या टेबलाशी आला.
सफरचंदांच्या वाडीतला पोरगा, नखांत अजून मोरचुदाची निळाई.
"नानुलीमावशी, पट्टी आहे?"

दोनशे चौदाव्या पानावर एक लाल बाण
उत्तरेकडून उतरतो.
वाझाने त्याची लांबी नाही, जाडी मोजली.
दोन मिलिमीटर.
खालचं प्रमाण बघून हिशेब मांडला : चारशे मीटर.
मग समासात पेन्सिलीने, बारीक :
"या जाडीत आमची सत्तावीस घरं. आणि पाणवठा."

पेन्सिल खोडणं माझ्या कामातच येतं.
जुलैत वर्ग रिकामे झाले की खोडरबर घेऊन बसते,
एकवीस पुस्तकं, प्रत्येकाच्या चाळीस प्रती,
मांडीवर भुगा साठतो.
सगळं गेलं : बरोबरच्या खुणा, मुलींचे फोन नंबर,
कुणी काढलेलं कर्नलसाहेबांचं नाक.
ती ओळ राहू दिली.
पुढच्या वर्षी कुणी तिच्याखाली लिहिलं,
"परीक्षेला नाही."
तेवढं खोडलं.

अकरा वर्षांनी वाझा परत आला, मेजर होऊन.
नखं स्वच्छ. यादी आता तोच करतो.
सातवं पुस्तक त्याने ठेवलं.
आपली जुनी प्रत मागून घेतली,
एक रात्र ठेवून सकाळी आणून दिली.
चहा नको म्हणाला.

जुन्या ओळीखाली नवी ओळ होती.
हात तोच, अक्षर मात्र ताठ उभं राहिलेलं :
"बाण एक किलोमीटर पूर्वेला हवा होता.
पूल मिळाला असता. सहा तास वाचले असते."

कुणाचे सहा तास, ते लिहिलेलं नाही.
बाण तर त्यांचा होता.

खोडरबर हातात घेऊन मी बराच वेळ बसले.
मग बोट बाणावर ठेवलं
आणि पाच मिलिमीटर उजवीकडे सरकवलं.
तिथे एक ठिपका आहे, नाव धड वाचता येत नाही.

त्या ठिपक्यातला एक पोरगा यंदा पहिल्या वर्षाला आहे.
पुस्तक त्याने नेलंय. अजून काही बोलला नाही.

पट्टी मी खणात वरच ठेवली आहे.