निळा परकर

पारामो ओलांडून ते उतरले
तेव्हा आधी आम्हाला भुतंच वाटली.
कासानारेच्या मैदानातली पोरं,
जन्मात थंडी न पाहिलेली,
ओठ जांभळे, अंगावर धड चिंधी नाही.
एकाच्या हातात नुसता लगाम.
घोडा वर राहिला, म्हणाला.

रविवारी पाद्रीबाबांनी पुरुषांना बाहेर काढून
चर्चचं दार लावलं. प्रवचन नव्हतंच.
लाज झाकेल एवढं ठेवा, बाकीचं इथे उतरवा, म्हणाले,
आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी निळा परकर सोडला.
मेंढी माझी, सूत माझं, रंग आईचा,
काठाला चुलीच्या ठिणगीचं भोक.
खरं सांगते, देशबिश मनात नव्हता.
घरी जाताना पोटऱ्यांना वारा झोंबत होता
आणि मला राग आला होता.

तो तोरिबियोने घातला, त्या लगामवाल्याने.
कमरेला दोरी, हातात भाला.
हसलं कुणीच नाही.
एदुविहेस म्हातारीने उकडलेला बटाटा दिला,
तो त्याने खाण्याआधी
किती तरी वेळ गालाला लावून धरला.

महिन्याभराने बातमी आली:
बोयाकाच्या पुलापाशी राजाची फौज शरण आली.
घंटा इतकी बडवली की दोर तुटला.

आता पाहुणे येतात, विचारतात,
कसा होता तो दिवस?
थंड, मी सांगते.
त्यांना झेंडे हवे असतात.

परतणारे या वाटेने गेले
तेव्हा मी चेहरे पाहिलेच नाहीत.
कमरेखाली बघत होते सगळ्यांच्या,
निळं काही दिसतं का.
ते भोक रफू करायचं राहून गेलं होतं.