खंडवा रोड, तिसरा मजला

वसतिगृहाचं फाटक साडेआठला लागायचं.
वॉर्डनबाईंच्या वहीत वेळ, कारण, सही.

इथे किल्ली माझी.
सराफ्यातून बाराला परतले
तरी जिना काही विचारत नाही.
पोरवालकाकांना फक्त एक तारीख कळते
आणि पाण्याची मोटर.

सिलिंडर मात्र नेमका
पेपरच्या आदल्या रात्री संपतो.
पोहे भिजवलेले,
तसेच सेव घालून खाल्ले.

रुखसार ईदला धारला गेली
आणि मला ताप भरला.
तीन दिवस दाराबाहेर
दुधाच्या पिशव्या साचत गेल्या.
कुणी मोजल्या नाहीत.

आता विजेच्या बिलामागे
मीच लिहिते: नऊ चाळीस, आले.
खाली सही.

काल त्या सहीखाली
रुखसारचं तिरकं अक्षर:
दूध बंद क्यूँ कराया?