ऊन खायची वेळ

चिठ्ठीवर आकडा आहे : अकरा.
तीस तरी हवा, म्हणते डॉक्टरीण.
सोचीहून आलेली पोर, गालांवर अजून दक्षिणेचा रंग.
दार लोटून घेते, हळूच सांगते,
"तैसिया येगोरोव्हना, माझा तर नऊच आला."

बाहेर दुपारचे दोन. रस्त्यावर दिवे लागलेत.
लागलेत कसले,
नोव्हेंबरपासून कुणी विझवलेच नाहीत.

आम्हाला ऊन मिळायचं मंगळवारी आणि शुक्रवारी,
बालवाडीच्या मागच्या खोलीत.
चड्डी आणि नमद्याचे बूट, बाकी उघडे,
डोळ्यांवर रबरी पट्ट्यांचे काळे चष्मे,
एकमेकांचे हात धरून गोल.
मधोमध लोखंडी खांबावर क्वार्ट्झचा दिवा,
निळा, गुणगुणणारा,
आणि वीज पडून गेल्यावर येतो तसा वास.
रिम्मा सावेल्येव्हना वाळूचं घड्याळ उलटं करायची :
"पोटं भाजली. आता पाठी."
आम्ही वळायचो, तव्यावरच्या भाकरीसारखे.

मग रांग, आणि माशाचं तेल.
चमचा एक, तोंडं सव्वीस.
नाक दाबायचं, गिळायचं,
आणि तेल घशाखाली उतरायच्या आत
काळ्या पावाची कड, मीठ लावलेली.
थुंकलं कुणी, तर पुन्हा पहिल्यापासून.
मुडदूस काय करतो ते आम्हाला ठाऊक होतं :
कोळसेवाल्या फादेईच्या दोन पायांमधून
मांजर निघून जाई, अंग न चोरता.
म्हणून वाद कुणी घालत नसे.

घातला तो रोदिओननं.
एका शुक्रवारी चष्मा कपाळावर सरकवून
बघत राहिला दिव्यात, थेट.
आत काय आहे रे? मी विचारलं, हात न सोडता.
"काही नाही. नुसती नळी. थरथरतेय."
त्या रात्री त्याच्या डोळ्यांत वाळू शिरली.
दोन दिवस पापण्यांवर चहापत्तीच्या थंड पुरचुंड्या,
आणि उशाशी रिम्मा सावेल्येव्हना,
स्वतःवरच चिडलेली, त्याला लापशी भरवणारी.
"खराही असाच असतो का, आत रिकामा?"
तिनं उत्तर दिलं नाही. चमचा पुढे केला.

रोदिओन पुढे ट्रॉलरवर गेला, कॉड धरायला,
म्हणजे आमचं ऊनच जाळ्यात ओढून आणायला.
एक कार्ड आलं लास पाल्मासहून :
इथे एवढं ऊन, की लोक सावलीचे पैसे मोजतात.
दोन्ही बाजूंनी भाजून निघालोय.
"आता पाठी" म्हणणारं मात्र कुणी नाही.
त्यानंतर कार्ड नाही.

जानेवारी संपता संपता सूर्य येईल,
टेकडीच्या खांद्यावर, बारा मिनिटं.
अख्खं गाव थर्मास घेऊन चढेल.
"त्याचा उपयोग नाही बरं का," डॉक्टरीण सांगते,
"तिरका असतो. एप्रिलपर्यंत कातडीला काही मिळत नाही."
ठाऊक आहे, बाई. तरी चढू.
कानटोप्या मागे सारून, डोळे मिटून
उभे राहू ऊन खात.
पोट नाही भरणार. तेवढीच चव.
तूही ये.

रात्री थेंब मोजते. रोजचे चार.
रंग नाही, वास नाही,
जिभेवर पडले कधी, तेही कळत नाही.
आणि हात आपोआप जातो
पावाच्या कडेकडे, मिठाकडे.