किंमत तुम्हीच लिहा

अर्जात एकच चौकोन रिकामा राहिलाय.
बाकी सगळं मी भरलं :
परवाना क्रमांक, नावेची लांबी सदतीस फूट,
जाळं गिलनेट, नदी स्कीना,
नाव तोराओ हामागुची, वय एकोणऐंशी.
चौकोनावर छापलंय : अपेक्षित रक्कम.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत :
कमी मागणाऱ्यास प्राधान्य.

'म्हणजे लिलाव, पण उलटा,' बाबा म्हणाले.
'जो स्वतःला स्वस्त लावेल
तो आधी सुटेल.'

मासे कमी झालेत हे खरंच आहे.
सरकारच्या आधी बाबांनीच ते पाहिलं.
गेल्या हंगामात नदी तीन दिवस उघडी होती.
तिसऱ्या दिवशी जाळ्यात अकरा सॉकाय,
त्यांतला एक सीलने निम्मा खाल्लेला,
आणि एक ओंडका.
बाबांनी ते मोजले नाहीत, नुसते पाहिले,
मांडवात अकराच पाहुणे आल्यावर
वधूपिता पाहील तसे.

धक्क्यावर जो तो कागद छातीशी धरून फिरतोय.
एइनार हौगानला कुणी विचारत नाही, किती लिहिलेस.
जन्मभर एकमेकांना थापा मारल्या,
कुठे टाकलं होतंस? इथंच. काही मिळालं? छे!
तीच सवय आता उपयोगी पडते आहे.

रात्री बाबांनी बिस्किटांच्या डब्यातून
एक पावती काढली. मी ती कधी पाहिली नव्हती.
सन एकोणीसशे बेचाळीस.
आजोबांची नाव 'किता', बत्तीस फूट, विकली : नऊशे पन्नास डॉलर.
वजा दक्षिणेला ओढत नेण्याचा खर्च.
वजा धक्क्याचं भाडं.
वजा तळातलं पाणी उपसण्याची मजुरी.
शिल्लक दोनशे सहा डॉलर, चाळीस सेंट.

आजोबांना कुणी चौकोन दिला नव्हता.
चेहरा शत्रूचा ठरला, तेवढ्यावर
सगळ्यांना डोंगरापल्याडच्या छावणीत नेलं.
बाबा तिथेच जन्मले,
जिथे भरती-ओहोटी फक्त आजोबांच्या बोलण्यात असे.
पुढे परत येऊ दिलं, तेव्हा आजोबा
टोपी हातात घेऊन परवान्याच्या रांगेत उभे राहिले.
'किता' त्याच नदीत होती. निळी रंगवलेली, नाव बदललेलं.
धुक्यातून गेली की
आजोबा इंजिनाच्या खोकण्यावरून ओळखायचे,
आणि हातातलं काम थांबवायचे नाहीत.

मला वाटलं, बाबा चौकोनात तोच आकडा लिहितील,
दोनशे सहा, चाळीस सेंट.
तसं म्हणालेही मी.
'छप्पर गळतंय,' ते म्हणाले. 'सूड काय पावसात पांघरू?'

मग कॅल्क्युलेटर मागितला.
छप्पर. इंजिनाच्या कर्जाचे उरलेले हप्ते.
गुडघ्याचं ऑपरेशन लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
पेन्सिलीने आकडा घातला, पुसला, घातला, पुसला.
कागद तिथे इतका झिजला
की शेवटचा आकडा मागूनही वाचता येत होता.
तो मी सांगणार नाही.
एइनारलाही नाही.

सहीच्या आधी त्यांनी एकच विचारलं,
'माझा परवाना पुढे कुणाला देणार?'
'कुणालाच नाही, बाबा. कायमचा बाद.'
'नक्की?'
मी कलम नऊ वाचून दाखवलं. ते परत वाच म्हणाले.
परत वाचलं.
'निळा रंग कुणी देणार नाही, म्हणजे,'
असं काहीसं पुटपुटत
त्यांनी सही केली, इंग्रजीत,
आणि शेजारी, जागा नसताना, जपानीत.

पाकीट सरकारी होतं, त्याला तिकीट लागत नाही.
तसं त्यावर छापलेलंही होतं.
बाबांनी ड्रॉवर उघडून तिकीट शोधलं,
जिभेने ओलं करून नीट कोपऱ्यात लावलं
आणि अंगठा बराच वेळ त्यावर दाबून धरला.
'ह्या वेळी,' म्हणाले,
'त्यांना वजा करायला काही ठेवायचं नाही.'