चौथा वाफा

काटोल नाका ओलांडला की डाव्या हाताला
आमच्या खात्याचं कुरण लागतं.
चार वाफे, चारही नेपियरचे,
प्रत्येकाच्या कोपऱ्यात मीटरभर खोल पुरलेली पांढरी नळी,
आणि दर मंगळवारी त्या नळ्यांतून
मुळांच्या हातून निसटलेलं पाणी ओढून काढणारी मी.

पहिल्या वाफ्याला युरिया नाही.
तिथलं गवत पिवळट, सोशिक,
गुडघ्याला लागायला दीड महिना घेतं.
दुसरा वाफा पोपटी.
तिसरा हिरवागार, इतका की लटारी नेवारे
म्हशी घेऊन जाताना थांबतो,
कुंपणातून हात घालून पात दुमडून पाहतो.
चौथ्याला तिसऱ्याच्या दुप्पट दिलं.
तो काळपट, मांसल, स्वतःच्याच भारानं आडवा;
विळा लावला की पचकन पाणी उडतं.

काट्यावर मात्र तिसरा आणि चौथा
जवळजवळ सारखेच.
गाठोड्यामागे दीड किलोचा फरक, तोही ओलीचा असेल.
साहेब म्हणाले, वाढलंय ना? मग वाढलं म्हणून लिहा.
लिहिलं.
पाण्याचा रकाना शेवटचा,
कागद दुमडतो तिथे.

एप्रिलमध्ये काळ्या मातीला ज्या भेगा पडतात
त्यांत माझा हात कोपरापर्यंत जातो.
पाट सोडला की पाणी आधी पसरत नाही,
गुडगुडत खाली उतरतं,
रुसलेल्या जावयासारखं
मुळांना न सांगता मागच्या दारानं.
पांढरे दाणे केव्हाच विरघळलेले,
आता त्यांना रंग नाही, वास नाही.
खाली मुरूम. मुरुमाखाली खडक.
खडकाच्या चिरा कुठे जातात
हे पाण्याला कुणी शिकवावं लागत नाही.

परीक्षानळीत चिमूटभर जस्त, दोन थेंब औषध,
आणि मी घड्याळ पाहत थांबते.
पहिल्याचं पाणी आहे तसंच.
तिसऱ्याचं गुलाबी, पण डोळ्यांवर संशय यावा इतकंच.
चौथ्याचं थेट जास्वंद.

"बाई, थो चवथा वाफा देता काय कापाले?
म्हशी खूश होतीन."
तिसऱ्यातला ने, म्हटलं.
"काहून? चवथ्यात का बिघडलं?"
मी विळ्याची मूठ पुसत राहिले.

त्याची विहीर आमच्या कुंपणापासून साठ पावलं.
मी मोजली आहेत, दोनदा.
घरात दोन महिन्यांचा नातू, आईला दूध उतरत नाही,
म्हणून सून म्हशीच्या दुधात पाणी घालते,
निम्मं निम्मं,
विहिरीचंच, पण खळखळ उकळून, निगुतीनं.
उकळल्यानं जंतू मरतात.
हे मरणारं नाही. पाणी आटतं
आणि हे दाटतं.

या मंगळवारी पाचवी नळी घेऊन गेले.
रहाटाच्या कठड्यावर मांडली, जस्त टाकलं, थेंब टाकले.
बाजूला सून, कमरेला भरलेली कळशी.
लटारी गुडघ्यांवर हात टेकून वाकला.
ऊन इतकं, की आधी मला वाटलं
माझ्याच बोटांचा रंग काचेतून दिसतोय.
बोटं काढली.
"रंग त मस्त आला जी," तो म्हणाला,
"कायचा हाये?"

आमचा आहे, म्हणाले,
आणि कळशीवर हात ठेवला.