सिल्व्हर नायट्रेट

द्रोणागिरीच्या यार्डात, चौथ्या रांगेत,
कंटेनरचं दार उघडलं की आधी वास येतो,
माल मागाहून दिसतो.
आज वास जळक्या प्लास्टिकचा, आणि त्याच्याखाली
आंबत चाललेल्या अंजिरांचा.

माझ्या पिशवीत टॉर्च, खडू,
आणि तपकिरी काचेची बुटकी बाटली.
ओलीवर थेंब टाकायचा.
दुधाळ झाला तर समुद्र.
नितळ राहिला तर पाऊस, नाहीतर पत्र्याला आलेला घाम.
या धंद्यात एवढा एकच प्रश्न
अजून सरळ उत्तर देतो.

थेंब दुधाळ झाला.

म्हणजे आग विझवताना मारलेलं पाणी.
शेजारच्या पेटीत कागदावर खेळणी होती,
आत बॅटऱ्या.
खेळणी लिहिलं की भाडं कमी पडतं.

खिमजीशेठ तुर्भ्याहून रिक्षाने आले,
मसाला मार्केटची धूळ चपलांवर तशीच.
इझमिरचे अंजीर. पूर्वी सुएझमधून सरळ यायचे,
आता तांबड्या समुद्रात ड्रोन,
म्हणून अख्ख्या आफ्रिकेला प्रदक्षिणा.
विमा?
"या खेपेला दर दुप्पट सांगितला, ताई.
म्हटलं, एक खेप राहू दे."

मी त्यांना जुना कायदा सांगितला:
जहाज वाचवायला कुणाचं काही बुडवलं, भिजवलं,
तर वाचलेल्या सगळ्यांनी मिळून ते भरायचं.
तुम्हालाही मिळेल. पण आधी अनामत भरा.
मिळायला चार-पाच वर्षं.

बराच वेळ ते सील तुटलेल्या कडीकडे बघत राहिले.
"म्हणजे भिशीच की."
मग म्हणाले,
"पण भिशीत माणसं तरी ओळखीची असतात."

बेलापूरला सातव्या मजल्यावर
युद्धजोखमीचा दर आता अठ्ठेचाळीस तास टिकतो.
त्याहून फ्रीजमधली मेथी जास्त टिकते.
पडद्यावर जहाजांचे हिरवे त्रिकोण,
त्यातला एक काल रात्रभर
एका विमानतळाच्या धावपट्टीवर उभा होता.
कुणीतरी सिग्नल भरकटवतं,
आणि आम्ही त्या भरकटण्याची किंमत लावतो,
दशांश चिन्हापुढे तीन आकडे, अगदी आत्मविश्वासाने.

आमच्याच सोसायटीतला तेजस घरत
एका टँकरवर थर्ड इंजिनियर आहे.
जहाजाचं नाव वर्षात तिसऱ्यांदा बदललं.
त्याने फोटो पाठवला होता: नवा रंग,
आणि रंगाखाली वेल्डिंगची जुनी अक्षरं,
बोटाने वाचता येतील अशी.
विम्याचं प्रमाणपत्रही पाठवलं. मी शोधलं.
त्या पत्त्यावर सलूनचं दुकान आहे.

त्याची आई जिन्यात भेटते.
"विमा असतो ना गं जहाजाला?"
"असतो," मी म्हणते.
व्याकरणाच्या दृष्टीने ते खोटं नाही.
जहाजांना विमा असतो.

पहिल्या वर्षी, न्हावा-शेव्याच्या शेडमध्ये,
मोकल साहेबांनी बाटली माझ्या हातात दिली होती.
मे महिना. पत्र्याखाली भट्टी.
मी पोत्यावर हात टेकला, थेंब टाकला,
थेंब लगेच पांढरा.
"समुद्र!" मी ओरडले.
त्यांनी पोतं हुंगलं, माझा तळवा बघितला.
"हा समुद्र नाही. ही तू आहेस.
आधी हात पूस."

तेव्हापासून पुसते.
आजही पुसला, दोनदा.
रिपोर्टात लिहिलं: नुकसान खाऱ्या पाण्याने.
कारण, आग. आगीचं कारण, चुकीची नोंद.
चुकीच्या नोंदीचं कारण
लिहायला फॉर्मात रकाना नाही.

या औषधाचा डाग लगेच दिसत नाही.
उजेड लागला की उमटतो, दुसऱ्या दिवशी,
बोटाच्या टोकावर काळा,
आणि साबणाला दाद देत नाही.

सकाळी जिन्यात तेजसची आई
कढीपत्ता द्यायला थांबली,
माझा हात हातात घेतला.
"हे काय लागलं गं?"
"काही नाही," म्हटलं, "ऑफिसचं आहे."
तिने आपल्या पदराने घासून पाहिलं.